संघमित्राची अडतीस अंडी

ह्यूस्टनला आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर संघमित्रा राहायची. मूळची नागपूरची, तिथल्या कॉलेजात गुराढोरांची डॉक्टर झालेली. नवरा धर्मराज तेलाच्या कंपनीत इंजिनियर. त्याच्यामागून एकोणऐंशी साली ती इकडे आली. पण इथे तिची डिग्री चालेना. परत परीक्षा द्या, परत कॉलेजात जा, असं सांगितलं. तेवढे दिवस हातावर हात ठेवून बसणारी ती नव्हती. शहरापासून तासाभरावर नदीकाठी एक मोठं पार्क आहे, तिथे तिनं तिकिटाच्या खिडकीवर नोकरी धरली.

त्या पार्कात तळी आहेत, दलदल आहे, आणि त्यात मगरी आहेत. पिंजरा नाही, कुंपण नाही. माणसं पायवाटेनं चालतात आणि दहा हातांवर ही बया ऊन खात पडलेली असते. मी मगर म्हटलं की संघमित्राला चालायचं नाही.

"आजी, मगर नाही. अ‍ॅलिगेटर. तोंड मिटलं की मगरीचा खालचा दात बाहेर दिसतो. हिचे दिसत नाहीत."

"दात आत ठेवून चावणारी. आमच्या विहीणबाईंसारखी."

माझी सून विनीता तिथेच भाजी चिरत होती. तिनं ऐकलं, पण तिला हसू आवरलं नाही, म्हणून निभावलं.

मी ब्याऐंशीला माझ्या मुलाकडे, उल्हासकडे, आले. दोघं नोकरीला, मी दिवसभर घरात. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही, शाळा दुसरीपर्यंत. संघमित्राची सुट्टी मंगळवारी. पण सुट्टीच्या दिवशीही ही पार्कातच जायची, आणि मला गाडीत घालून न्यायची. तिकिटं विकायला नव्हे, मगरींची घरटी बघायला. मी बाकावर बसून शेंगा सोलायची आणि ही गमबूट घालून, हातात लांब काठी घेऊन गवतात शिरायची. वहीत लिहायची: कुठल्या तळ्याला कितवं घरटं, आई जवळ आहे की नाही, पाणी किती वर आलं. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचा पगारही नव्हता. तिकिटं विकताना डोकं गंजतं, म्हणायची.

आमच्या गावी कृष्णेला मगरी होत्या. धुणं धुताना एकीला काठावर नुसतं बघत बसवायचो. तेव्हा मगर म्हटली की पळायचं, एवढंच मला ठाऊक. मगरीण काडीकचऱ्याचा ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि दोन महिने खाण्यापिण्याची पर्वा न करता राखण करते, हे मला या पोरीनं सांगितलं. ढीग कुजतो, त्याची ऊब अंड्यांना लागते. ऊब जास्त तर पोरगे, कमी तर पोरी.

"म्हणजे सुनेला बोल लावायची सोयच नाही," मी म्हटलं.

"कचऱ्याला लावायचा नं, आजी."

तिच्या वरचा साहेब होता टिल्मन. साठीचा, उंचापुरा, डोक्याला टोपी, बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पार्कात अ‍ॅलिगेटरची देखभाल करायला एक माणूस नेमायचा होता, हे तिला ठाऊक होतं. तिनं अर्ज दिला. टिल्मननं तो टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून टाकला.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टात अलिशिया नावाचं वादळ समुद्रातून आमच्याकडे निघालं. टीव्हीवर दिवसभर तोच पांढरा भोवरा फिरत होता. उल्हास खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होता, विनीता न्हाणीच्या टबात पाणी भरत होती. एवढ्यात दार वाजलं. संघमित्रा. धापा टाकत.

"आजी, गंधाची बाटली आहे का घरात? ती ओली, काडीची?"

मी बघतच राहिले. या मुलीच्या कपाळाला मी कधी कुंकू बघितलं नव्हतं. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी देवाचं काही नाही. आणि वादळ दारात आल्यावर हिला गंध हवं?

"अगं, आता कुठं निघालीस नटून?"

"मी नाही नटत. उद्या सांगते."

विनीतानं पर्समधून बाटली काढून दिली. ती घेऊन पोरगी जिना उतरली, धर्मराज खाली गाडी चालू ठेवूनच बसला होता.

संध्याकाळी दोघं परतले ते डोक्यापासून पायापर्यंत चिखलात. धर्मराजच्या हातात पिकनिकला बर्फ नेतात तो मोठा डबा, तिच्या हातात धुण्याचा निळा टब. जिन्यात आमच्या दाराशी टेकवून तिनं झाकण उचललं. ओल्या गवतात अंडी, कोंबडीच्या अंड्याहून थोरली, लांबट, पांढरी. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लाल टिकली.

"अडतीस आहेत. तिसऱ्या तळ्याचं घरटं. अगदी काठाला होतं, पाणी वाढलं असतं तर सगळी बुडाली असती."

"आणि त्यांची आई?"

"आईला टिल्मनसाहेबांनी वल्ह्यानं अडवून धरलं. मी अंडी काढली. आजी, काय फुसकारते ती! वल्ह्याचा तुकडा पाडला."

मग तिनं सगळं सांगितलं. टिल्मन आधी तयार नव्हता. वादळं येतात, घरटी जातात, आपण मधे पडू नये, असं त्याचं मत. ही ऐकेना. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे. यातली अर्धी तरी फुटली, एकोणीस पिल्लं जिवंत निघाली, तर मी खणातला तुझा अर्ज काढून वर पाठवीन. आणि नाही निघाली, तर पुन्हा घरट्याचं नाव काढायचं नाही, मुकाट्यानं तिकिटं विकायची.

"एकोणीस," ती म्हणाली. "चार वर्षं झाली, आजी, जनावराला हात लावून. एकोणीस निघाली की झालं."

धर्मराज म्हणाला, "वीस म्हणा. एखादं नाराज निघालं तर?"

वादळ आलं आणि गेलं. पहाटे घोंघावलं, मोटार उलटावी तसे आवाज झाले, आणि सकाळी बघतो तर पार्किंगमध्ये झाड आडवं. वीज गेली ती आठवडाभर. वरच्या मजल्याचं छप्पर एका कोपऱ्यात उचकटलं आणि संघमित्राच्या घरात धार लागली. म्हणून शुक्रवारी सकाळी अंड्यांचा डबा आणि टब आमच्याकडे आले. पार्कात झाडं पडलेली, अ‍ॅलिगेटर रस्त्यावर आलेले, टिल्मननं सगळ्यांना बोलावलेलं. संघमित्राला जायलाच हवं होतं. धर्मराज छपराच्या माणसाला शोधत फिरत होता.

"आजी, दिवसभर बघाल नं? ऊब असू द्या, ओल असू द्या. गवत सुकलं की पाणी शिंपडा. बाकी काही नाही."

"तू जा. मी अंडी बघितलेली बाई आहे."

ते खरंच होतं. चाळीस वर्षं मी कोंबड्या पाळल्या. ऊब तर विचारूच नका. वीज नाही म्हणून एसी नाही, आमचं घर म्हणजे भट्टी. माणसं घामानं पाघळत होती आणि अंड्यांची मात्र चैन. मी तासातासाला पाणी शिंपडत होते. दुपारी जेवणं झाली, आणि मी टबापाशी बसले, आणि माझ्या मनात आलं, ही मुलगी डॉक्टर खरी, पण पोरसवदा. अर्धं काम सांगायला विसरली.

कारण खुडूक कोंबडी अंड्यांवर नुसती बसत नाही. दिवसातून चारदा चोचीनं ती फिरवते. नाही फिरवली तर आतलं पिल्लू टरफलाला चिकटतं आणि मरतं. एखादी कोंबडी आळशी निघाली तर मी स्वतः फिरवायची. बुधवारपासून ही अंडी अशीच, टिकली वर करून पडलेली. टिकली म्हणजे मला वाटलं, पोरीनं ओवाळून घेतली असतील. देव नसला तरी काळजी असते.

मी पदर खोचला. हात धुतले. टबातलं एकेक अंडं उचललं आणि हलक्या हातानं उलटं ठेवलं. अठरा अंडी. एकाला ओरखडा नाही. पाठ धरली, म्हणून म्हटलं डब्यातली वीस चहा झाल्यावर.

उल्हासनं कुठूनसा छोटा गॅस आणला होता, त्यावर बाल्कनीत चहा उकळत होता, तेवढ्यात संघमित्रा आली. दमलेली, पण खुशीत. "तिसऱ्या तळ्याची आई जिवंत आहे. घरटं वाहून गेलं, तरी तिथेच बसली आहे," असं म्हणत ती टबाशी वाकली.

आणि तशीच राहिली.

"टिकल्या कुठे गेल्या?"

"खाली आहेत. फिरवली मी. तू सांगायची विसरलीस, पण मला ठाऊक होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती जमिनीवर बसली.

"किती वेळ झाला?"

"तास, सव्वा तास. का गं?"

"डब्यातली?"

"त्यांना अजून हात नाही लावला."

तिनं डोळे मिटले. मग बोलायला लागली, अगदी हळू, शाळेत समजावतात तसं. कोंबडीचं पिल्लू चिकटलं तर मरतं. हिचं उलटं. अंडं घातलं की दिवसाभरात आतला जीव टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो, तिथूनच त्याचा श्वास. उलटं केलं की तो सुटतो, गुदमरतो. म्हणून वरची बाजू कळायला खूण करायची. पेन्सिल ओल्या टरफलावर उठत नाही, शाईचं पेन फिसकटतं, म्हणून गंध.

माझ्या हातातला चहाचा कप खाली ठेवावा की धरावा, मला कळेना.

"मग माझं चुकलं," मी म्हटलं.

"मी सांगितलं नाही. मला वाटलं, अंडी कोण कशाला फिरवील?"

"कोण म्हणजे? अख्खा महाराष्ट्र फिरवतो!"

तेव्हा तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. मला मात्र हसू येईना. हिशेब मलाही करता येत होता. टबातली अठराच्या अठरा गेली तर उरली डब्यातली वीस. त्यातली एकोणीस फुटायला हवी होती. कोंबडीखालची विसातली एकोणीस माझ्या हयातीत कधी फुटली नव्हती.

पुढचा प्रश्न, आता ती परत सरळ करायची की तशीच ठेवायची? पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला आमच्यासारखी आजी भेटली नसावी. तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, फार वेळ झालेला नाही, अंडी सात आठवड्यांची आहेत, जीव मोठा झालाय, कदाचित सहन करील. आणि एकेक अंडं अशा गतीनं सरळ केलं की मला वाटलं ही रात्र करते की काय.

सगळं झाल्यावर तिनं वही काढली आणि लिहायला लागली.

"काय लिहितेस?"

"टबातली अठरा अंडी एकदा उलटली, सव्वा तासानं सरळ केली."

"अगं वेडे, लिही की वादळात गडगडली. साहेब काय बघायला आला होता?"

"वादळाला मी ओळखते, आजी. त्यानं एकेक अंडं उचलून उलटं ठेवलं नसतं." मग पेन थांबवून म्हणाली, "खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी फिरवील. आणि मीच खोटं लिहिणार असेन तर ती जागा मला काहून पाहिजे?"

आतापर्यंत मी तिला पोरसवदा समजत होते.

रविवारी टिल्मन स्वतः आला, झाडं तोडून हात सोललेले. वही वाचली. माझ्याकडे बघितलं. मी त्याला मराठीत सांगितलं की चूक माझी आहे, हिला शिक्षा करू नका. संघमित्रानं त्याचं इंग्रजी केलं. तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, त्याची आजी पण असंच करायची. पण बोली तीच राहील. एकोणीस."

वीज आल्यावर अंडी पार्कातल्या कोठीघरात गेली. डबा एका फळीवर, टब दुसऱ्या फळीवर. मग आठवडाभर नुसती वाट. संघमित्रा सकाळी तिकिटं विकायची, जेवायच्या सुट्टीत कोठीत जाऊन अंड्यांपाशी बसायची. धर्मराज म्हणायचा, माझ्यापाशी इतका वेळ कधी बसली नाही. मी रोज संध्याकाळी जिन्यात उभी राहायची. ती वर येताना मान हलवायची, म्हणजे अजून काही नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी डब्यातून आवाज आला. त्या दिवशी मी तिथे नव्हते. ती रात्री जेवायला आली तेव्हा तिनं सांगितलं. विसातून सतरा निघाली. तीन नुसतीच होती, त्यात जीव धरलाच नव्हता.

"सतरा," विनीता म्हणाली. "म्हणजे दोन हवीत."

"टबात काहीच नाही. मी कान लावला. शांत."

तिनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. दोन! अठरातली दोन! देवाकडे दोन मुलं मागतात, मी दोन मगरी मागितल्या.

रविवारी मी हट्टानं तिच्याबरोबर गेले. कोठीत दमट वास, टिल्मन कोपऱ्यात उभा, टोपी हातात. एका बादलीत ती सतरा पिल्लं. वीतभर लांब, काळी, अंगावर पिवळे पट्टे, आणि तोंडातून आवाज असा की लहान मुलाला उचकी लागावी. मी टबाला कान लावला. काही नाही. परत लावला. माझाच श्वास.

संघमित्रा टबाकडे बघत उभी होती. मग एकदम म्हणाली, "बादली इकडे आणा."

"कशाला?"

"घरट्यात अंडी एकत्र असतात. एक बोललं की बाकीची बोलतात, आणि मग आई उकरते. ही दोन आठवडे वेगळी पडली आहेत. यांना कुणी हाकच मारली नाही."

टिल्मननं बादली उचलून टबाला टेकवली. पिल्लं गोंगाट करत होती. आम्ही तिघं वाकून उभे. मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. टिल्मनची कंबर कडकन वाजली.

आणि गवताखालून उत्तर आलं. बारीक, दबलेलं. उं, उं.

संघमित्रानं माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होता. तिनं गवत बाजूला केलं. एका अंड्याला टिकलीपाशीच चीर गेली होती. चिरेतून नाकाचं टोक. मग त्याच्या शेजारचं हाललं. मग कोपऱ्यातलं. दुपार होईपर्यंत टबातून अकरा निघाली. सात नाही निघाली. ती सात मी मोजली आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. ती माझ्या खात्यावर.

"सतरा आणि अकरा," टिल्मन म्हणाला. तेवढं इंग्रजी मलाही कळलं.

तो लगेच कुणाचं अभिनंदन करणारा माणूस नव्हता. म्हणाला, आता आईकडे चला.

तिसऱ्या तळ्याला मला पायवाटेवरच उभं केलं, बाजूला दुपारी येऊन पोचलेला धर्मराज, पळायची वेळ आली तर मला उचलायला. मी त्याला विचारलं, "उचलशील ना रे?" तो म्हणाला, "आजी, मी आधी पळेन, मग मदत आणीन." संघमित्रा गुडघाभर चिखलात दोन बादल्या घेऊन उतरली. टिल्मन नवं वल्हं घेऊन तिच्या पुढे. पाणी अगदी शांत, वर हिरवं शेवाळ. पिल्लं ओरडत होती.

पलीकडच्या काठाला शेवाळ दुभंगलं. आधी दोन डोळे, मग नाक, मग एक लांबच लांब पाठ. ती फुसकारली नाही. हळूहळू येत राहिली. संघमित्रानं बादल्या पाण्यात आडव्या केल्या आणि एकेक पाऊल मागे घेतलं. पिल्लं पाण्यात पडली, इकडे तिकडे वळवळली, आणि सगळी आईकडे निघाली. दोन तिच्या डोक्यावर चढून बसली. तिनं डोळेसुद्धा मिचकावले नाहीत. कुठली आपली उलटी केलेली, कुठली सरळ ठेवलेली, तिला काय त्याचं!

संघमित्रा काठावर आली, चिखलातून पाय ओढत. टिल्मन म्हणाला, उद्या सुट्टी घे. मंगळवारी सकाळी सात वाजता बोटीपाशी ये, खिडकीपाशी नको. अर्ज मी आज पाठवतो.

"मंगळवारी तिची सुट्टी असते," मी मराठीत म्हटलं. संघमित्रानं ते त्याला सांगितलं नाही.

वरून शिक्क्याचं पत्र यायला ऑक्टोबर उजाडला. पण नागपूरला फोन तिनं त्याच संध्याकाळी लावला, आमच्याच घरून, कारण तिचा फोन वादळापासून बंद होता. तिकडे सकाळ. तिचे वडील, शंकरराव, रेल्वेत गँगमन होते, त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून आणलं. लाइन खरखरत होती. दोघंही इतके ओरडत होते की फोनची गरजच नव्हती. शंकरराव तिकडून विचारत होते, "पक्की झाली का? नोकरी पक्की झाली का, बेटा?"

आणि ही इकडून, चिखलाच्या पायांनी माझ्या गालिच्यावर उभी राहून, ओरडत होती, "अठ्ठावीस, बाबा! अठ्ठावीस!"